सासूबाईंची वाकडी नडगी

रिक्सेंदा खोटं बोलायची नाही. गावातले लोक हा तिचा गुण म्हणून सांगतात. सांगेनात का! त्यांना कुठे तिच्याबरोबर एका चुलीवर नांदावं लागलं? मी तिची भावजय, गाउझिया. मी त्याला खोड म्हणायची, आणि तिच्या तोंडावर म्हणायची.

एक सांगते म्हणजे कळेल. मी नवी लग्न होऊन रोकामौरात आले होते. चर्चचा माणूस दरसाल कोकरांचा दहावा हिस्सा न्यायला यायचा, आणि आमच्या फ्वा परगण्याच्या डोंगरात असं एक घर नव्हतं जे त्याला सगळी कोकरं दाखवायचं. माझ्या नवऱ्याने, पोन्सने, निम्मी कोकरं मागच्या घळीत दडवली होती. माणूस आला, त्याची मोजणी झाली, आमच्याकडचं चीज खाऊन झालं. निघताना उंबऱ्यावर लोकर पिंजत बसलेल्या रिक्सेंदाला तो सहज म्हणाला, "एवढीच का गं पोरी?" ही म्हणाली, "नाही. घळीत आहेत अजून."

पोन्स नाताळपर्यंत बहिणीशी बोलला नाही. मी तर तिला चांगलीच फैलावर घेतली. "वन्सं, तुमची जीभ आहे का चर्चची घंटा? कुणी दोरी ओढली की वाजलीच!"

"त्यानं विचारलं, वहिनी," ती म्हणाली. "न विचारता मी बोलले का?"



पुढे खालच्या आळीतल्या एस्तेव लोहाराशी तिचं लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात त्याने कौतुकाने विचारलं, "मी दिसायला कसा गं?" ती म्हणाली, "अंधारात बरा." एस्तेव हसणारा होता म्हणून निभावलं, दुसऱ्या कुणी ऐरण फेकून मारली असती. त्यांना मूलबाळ झालं नाही. तो लवकर गेला. त्यानंतर ती गावच्या भट्टीवर बसू लागली, लोकांचे पाव भाजून द्यायला. तुझा पाव करपला तर करपला म्हणायची, तुझं पीठ किडकं असेल तर किडकं म्हणायची. पण कुणाच्या पिठातलं चिमूटभर तिने कधी काढून घेतलं नाही. रविवारची प्रार्थना चुकवायची नाही, गुडघाभर बर्फ असला तरी. शुक्रवारी मांसाला शिवायची नाही. देवाला भिणारी बाई होती, अगदी मनापासून.

तिची आई मेंगार्दा, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि पायातलं होतं ते वाकडं. तरुणपणी डोक्यावर सरपण घेऊन उतरताना बर्फावरून घसरल्या. हाड बसवणारा खिंडीपलीकडे अडकलेला. तो येईपर्यंत नडगी आपली आपणच जुळली, बाहेरच्या अंगाला बाक घेऊन. तेव्हापासून गावात त्यांचं नाव लंगडी मेंगार्दा. सपाटीवर त्या कुणाला ऐकायच्या नाहीत, पण उतार आला की तोल जायचा. मग चालता चालता बाजूला हात पुढे करायच्या. कोण आहे ते बघायच्यासुद्धा नाहीत. जो कोणी असेल त्याने मुकाट्याने धरायचा. आधी रिक्सेंदा धरायची. तिचं लग्न झाल्यावर ते माझ्या गळ्यात आलं. सकाळभर मला शिव्या घालायच्या आणि दुपारी नदीवर जाताना हात पुढे! मी धरायची, पण कपाळाला आठ्या घालून.

त्या काळी आमच्या डोंगरात भली माणसं फिरायची. आम्ही त्यांना भली माणसं म्हणायचो. चर्च पाखंडी म्हणायचं आणि सापडली की जाळायचं. ती मांस खायची नाहीत, शपथ घ्यायची नाहीत. सांगायची, आत्मा देवाचा, पण हे अंग सैतानाने शिवलेलं फडकं. मरणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून ती आशीर्वाद द्यायची, आणि तो मिळाला की त्या माणसाने मरेपर्यंत नुसत्या पाण्यावर राहायचं.

सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांनी हट्टच धरला, भल्या माणसाला आणा. पोन्सने सुया विकणाऱ्याच्या वेषात एकाला आणलं. घरात नको म्हणून आम्ही सासूबाईंना फळीवर घालून मागच्या गवताच्या खोपटात नेलं, आणि पाऊस पडत असताना, रिक्सेंदा भट्टीवर गेलेली असताना, ते उरकून घेतलं. तिला सांगितलं नाही. सासूबाईंनीच बजावलं होतं, "रिक्सेंदाला कळू देऊ नका. कुणी विचारलं की ती सांगेल."

दुसऱ्या दिवशी रिक्सेंदा आईसाठी हाडांचा रस्सा घेऊन आली. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती रोज आणायची, त्या रोज तोंड फिरवायच्या. बिचारी मला विचारायची, "वहिनी, माझ्या हातचं हिला का चालत नाही?" मी म्हणायची, "आजारी माणसाची तोंडाची चव जाते हो." सासूबाई गेल्या. तेव्हाचे म्हातारे पाद्रीबाबा डोळे मिटून घेणारे होते. त्यांनी रीतसर प्रार्थना म्हटली आणि सासूबाईंना आमच्या घराच्या खड्ड्यात पुरलं. आमच्याकडे घराला एक खड्डा. नवीन माणूस आलं की जुन्यांची हाडं बाजूला सारायची आणि त्याला जागा करायची. सासूबाईंच्या सोबतीला त्यांचे सासू-सासरे आणि माझे सासरे होते.

सगळं मिटलं असं मला वाटलं होतं. पण पुष्कळ वर्षांनी आमच्या गावचा मोची बेनेत खालच्या शहरात साधूंच्या तावडीत सापडला. हे साधू म्हणजे पाखंड्यांचा न्याय करणारे, पांढऱ्या अंगरख्यावर काळा झगा घालणारे. त्यांना नावं हवी असतात. न दिली तर कोठडी. बेनेतने हिशेब केला, जिवंत माणसाचं नाव घेतलं तर तो जळेल, मग मेलेल्यांचीच घ्यावीत; मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. त्यात सासूबाईंचंही नाव दिलं. त्याला वाटलं आपण कुणाचं काही बिघडवत नाही. मूर्ख मेला! त्याला हे ठाऊक नव्हतं की साधू मेलेल्यांनाही सोडत नाहीत.

पोन्स मेंढरं घेऊन डोंगरापलीकडे गेला तो त्यांच्या भीतीने परतलाच नाही. सापडले मी. "खोपटात झालं, घरात नाही," एवढं मात्र मी ठासून सांगितलं, म्हणून घर वाचलं आणि त्यांनी खोपट पाडलं. माझ्या कपड्यांवर पुढे-मागे पिवळे क्रॉस शिवले, लोकांनी ओळखावं म्हणून. पोरं मागे लागायची, "पिवळी आली, पिवळी आली!" मी दगड मारायची. माझं एवढ्यावर भागलं. सासूबाईंचा निकाल एका रविवारी चर्चमध्ये वाचला. नवे पाद्री आमेल यांनी आमच्या बोलीत सांगितलं: मेंगार्दा पाखंडी म्हणून मेली, तिची हाडं पवित्र जमिनीतून उकरून काढावीत आणि जाळावीत, मात्र श्रद्धावंतांच्या हाडांतून ती वेगळी ओळखता आली तर. ओळखणं दुसऱ्या दिवशी, बायबलच्या पोथीवर हात ठेवून.

रिक्सेंदाला आईचं हे तिथे, सगळ्या गावासमोर, पहिल्यांदा कळलं. माझ्या क्रॉसचं कारण तिने मला कधी विचारलं नव्हतं. पोन्सची भानगड असेल असंच ती धरून चालली होती. ती चर्चमधून सरळ माझ्याकडे आली.

"वहिनी, तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी रस्सा घेऊन दारात उभी राहायचे, आणि तुम्ही सगळे गप्प?"

"सासूबाईंनीच सांगितलं होतं," मी म्हटलं, आणि काय सांगितलं होतं तेही तिला सांगितलं. सांगायला नको होतं खरं तर. ती नवरा मेला तेव्हा रडली नव्हती अशी रडली.

मला तिची दया आली. मी म्हटलं, "वन्सं, हाडांचं काय घेऊन बसलात? सासूबाईच म्हणायच्या, मेल्यावर हे फडकं कुत्र्यापुढे टाका. त्यांना काही वाटायचं नाही."

झालं! एकदम उसळली. "तिला काय कळतंय? जन्मभर उपास केले, मेणबत्त्या लावल्या, ते एका दुपारपायी फुकट? शेवटच्या दिवशी देव सगळ्यांना उठवणार आहे. ती उठून त्याच्यासमोर उभी तर राहू दे. मग तो आणि ती काय ते बघून घेतील. तोंड आहे तिला, भांडेल. पण राख झाली तर उठणार कोण?"

"मग उद्या तुम्ही गप्प राहा. नडगी कुणाची ते कुणी बोलणार नाही."

"मला विचारलं तर?"

"तर खोटं बोला! अख्खं जग बोलतं!"

"पोथीवर हात ठेवून?" ती म्हणाली. "वहिनी, पोथीवर हात ठेवून खोटं बोललं की आत्मा गेला. मग त्या दिवशी ती उठेल आणि मी जाईन नरकात."

ती उठून गेली. काय करणार ते बोलली नाही. मी मात्र मनात म्हटलं, सासूबाई, गेलात तुम्ही. कोकरांसाठी जिने भावाला सोडलं नाही, ती पोथीवर हात ठेवून काय करणार?

सकाळी सगळं गाव कबरस्तानात. वेशीवर सरपणाचा ढीग आधीच रचलेला. साधू तरुण होता, सर्दीने नाक लाल झालेलं. सारखं बाहीला पुसत होता. सोबत दोन शिपाई आणि आमेल पाद्री. आमच्या घराचा खड्डा उकरला आणि हाडं कापडावर मांडली. चार कवट्या, बाकी सगळी मिसळलेली. साधू कंटाळून निघणारच होता. तेवढ्यात शिपायाने ती नडगी उचलली. बाहेरच्या अंगाला बाकदार, भिंतीतल्या खुंटीसारखी. उभ्या गावाने ओळखली. एकाने हूं केलं नाही.

"हा पाय कुणाचा?" साधूने विचारलं.

मी पुढे झाले, पोथीवर हात ठेवला आणि बेधडक सांगितलं, "माझ्या सासऱ्यांचा, महाराज." मला कसली भीती? पण त्याने माझ्या छातीवरच्या पिवळ्या क्रॉसकडे पाहिलं आणि हातानेच बाजूला हो म्हणाला.

"मेंगार्दा लंगडत होती का?" त्याने आमेल पाद्रींना विचारलं.

"मी तिच्यानंतर या गावात आलो," पाद्री म्हणाले. "पण तिची मुलगी इथे आहे, रिक्सेंदा. भट्टीवर बसते. महाराज, या गावात खरं बोलणारं एकच माणूस आहे, आणि ते ही बाई. दहाव्या हिश्श्यासाठी तिने सख्ख्या भावाची कोकरं दाखवली होती. ती सांगेल ते खरं माना."

जळ्ळं मेलं ते सत्य! म्हणजे कोकरं तेव्हा गेली ती गेली, वर आता सासूबाईही जाणार.

रिक्सेंदा पुढे आली. एस्तेवच्या मयतीला नेसली होती तेच कपडे अंगावर होते. तिने पोथीवर हात ठेवला. चांगला पंजा पसरून ठेवला, आम्ही ठेवतो तसा नुसती बोटं टेकवून नाही.

"तुझी आई लंगडत होती का?"

"नाही," ती म्हणाली. "माझी आई सरळ चालायची. हा पाय माझ्या बापाचा."

एवढ्यावर गप्प बसली असती तर झालं होतं. पण पहिल्यांदाच खोटं बोलणारं माणूस. त्याला कुठे थांबायचं ते कळतं होय? पुढे म्हणते, "माझ्या लग्नात ती नाचली होती. सगळ्यांत जास्त तीच नाचली."

लंगडी मेंगार्दा नाचली! मी ओठ चावला. साधूने लोकांकडे पाहिलं. "खरं आहे का हे?"

मग म्हातारा विताल, चाळणीतून मोहरीएवढा खडा सुटला तरी दळणाऱ्या बाईशी भांडणारा, सासूबाईंना उभ्या जन्मात ज्याने लंगडीशिवाय हाक मारली नाही, तो पुढे झाला आणि पोथीवर हात ठेवून म्हणाला, "खरं आहे. माझ्याबरोबरच नाचली. पाय तुडवला माझा." मग त्याची बायको म्हणाली, "मी तेव्हा रागावले होते." मग एकेक जण पुढे. माझ्या सासूबाई त्या सकाळी जेवढ्या नाचल्या तेवढ्या जन्मात चालल्या नसतील.

साधूने नाक पुसलं आणि निकाल दिला, ओळख पटत नाही. हाडं परत खड्ड्यात गेली. शिपाई वळल्यावर नडगी मी माझ्या हाताने ठेवली. वेशीवरचं सरपण लोकांनी वाटून घरी नेलं, आणि त्या दिवशी भट्टी त्यावरच पेटली. रिक्सेंदाने सगळ्यांचे पाव भाजून दिले. एकही करपला नाही.

पुढे माझे क्रॉस निघाले, साधूंनी दुसरी गावं धरली. आम्ही दोघी म्हाताऱ्या होत गेलो. उन्हं पडली की दारात बसून एकमेकींच्या उवा काढायचो. एकदा ईस्टरच्या आधी मी तिच्या केसांत बोटं घालून बसले असताना विचारलं, "वन्सं, ते तुम्ही पाद्रीबाबांना सांगितलंत का कधी? पापाची कबुली दिली की सुटतं म्हणतात."

"आमेलना सांगितलं तर ते वर कळवतील. परत उकरतील तिला."

"मग खिंडीपलीकडे जा. तिकडचा पाद्री कोण मेंगार्दा ते काय ओळखतो? त्याला सांगा आणि मोकळ्या व्हा."

"गेले होते," ती म्हणाली.

मला ठाऊकच नव्हतं. मेंढीबाजाराला म्हणून गेली होती, ते त्यासाठी.

"मग?"

"त्यानं विचारलं, पश्चात्ताप होतोय का? मी म्हटलं, नाही."

"अगं बाई! अहो, हो म्हणायचं की!"

"नाही होत तर हो कसं म्हणू, वहिनी? उद्या परत विचारलं तर मी परत तेच सांगेन. मग त्यानं माफी दिली नाही. त्याचं बरोबर आहे."

मला इतका राग आला की मी तिचे केस ओढले. एवढं मोठं खोटं पचवलं आणि एवढ्याशा खोट्याला अडली! एका होकाराने सुटत होती. मी परोपरीने सांगितलं, भांडले, रडले. ती फक्त म्हणाली, "हळू ओढ."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. जायच्या आधी आमेल पाद्री आले, त्यांनी मरणाऱ्याला लावतात ते तेल लावलं, प्रार्थना म्हटली, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "ही सरळ स्वर्गात जाणार. सांगायला तिच्याकडे पापच नव्हतं." मी मान डोलावली. ते निघून गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"वहिनी, मला लोहारांच्या खड्ड्यात पुरतील. तू आमच्या घरच्या खड्ड्यात, आईजवळ."

"हो तर. जन्मभर भांडले, आता मेल्यावरही तीच सोबत," मी म्हटलं. तिला हसवायला म्हटलं.

ती हसली नाही. "त्या दिवशी सगळे उठाल तेव्हा मी नसेन. चर्चपासून खाली सगळा उतारच आहे. ती हात पुढे करेल, बघणार नाही कोण आहे ते. तू धर."

मी धरीन म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता मी मुलीकडे असते, खालच्या गावात. मुलगी म्हणते, आई, इथलं कबरस्तान काय वाईट आहे, तुला एवढं चढून रोकामौराला कोण नेणार? मी तिला बजावून ठेवलंय. बर्फ असो, चिखल असो, फळीवर घालून न्या, पण मला वर न्या. सासूबाईंच्या उजव्या अंगाला ठेवा. तो त्यांचा वाकडा पाय.